होकुसाईची लाट : प्रत कशी वाचायची, छपाई कशी होते

दौत
जपानच्या हजार येनच्या नव्या नोटेवर (जुलै २०२४) मागच्या बाजूला जपानी चित्रकार होकुसाईची ही लाट आली, तेव्हापासून "मूळ चित्र कुठल्या संग्रहालयात आहे?" हा प्रश्न सारखा येतोय. म्हणून वेगळा धागा काढतो.

मूळ म्हणावं असं एकच चित्र नाही. होकुसाईनं कागदावर काढलेलं रेखाटन लाकडावर उलटं चिकटवलं गेलं आणि कोरताना सालींबरोबर उडून गेलं. उरले ते ठोकळे, आणि त्यांच्यावरून निघालेल्या हजारो प्रती. आकडा आठ हजारांपर्यंत असावा असा अंदाज मांडला जातो. ठोकळेही राहिले नाहीत. आज जगभरात हाती लागतात त्या प्रती एकशे दहाच्या आसपास, त्यातल्या तीन एकट्या ब्रिटिश म्युझियमकडे आहेत.

बाकी तपशील थोडक्यात. मालिका 'फुगाकु सांज्यूरोक्केई', म्हणजे फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं. चित्राचं नाव 'कानागावा ओकी नामी उरा', म्हणजे कानागावाच्या समुद्रात लाटेखाली. प्रकाशक एदोचा (आजचं टोकियो) निशिमुराया योहाची, काळ १८३० ते १८३२च्या दरम्यान. आकार ओबान, साधारण २५.७ × ३७.९ सेंमी. मालिका इतकी खपली की छत्तीसवर आणखी दहा चित्रं काढली गेली, एकूण ४६. ती वरची दहा ओळखायला सोपी आहेत. त्यांच्या बाह्यरेषा काळ्या शाईच्या आहेत, पहिल्या छत्तिसांच्या निळ्या.

होकुसाई (१७६०–१८४९) तेव्हा सत्तरीत होता. सही आहे 'होकुसाई आरातामे इइत्सु हित्सु', म्हणजे 'आधीचा होकुसाई, आता इइत्सु, याच्या कुंचल्यातून'. नावं बदलण्यात गडी पटाईत होता, आयुष्यात तिसाहून जास्त नावं घेतली.

ज्यांना छपाई, रसायन, समुद्र यातलं कळतं त्यांनी भर घाला.

खारा वारा
ही त्सुनामी नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. खोल पाण्यात त्सुनामी जाणवतही नाही, होडी फूट-दोन फूट हळूच उचलली जाते आणि खाली येते. किनाऱ्याजवळ ती बहुतेकदा भरतीसारखी चढत जाते किंवा पाण्याच्या भिंतीसारखी आत घुसते. इथे आहे वाऱ्यानं उठलेली, अनेक लाटा एकमेकींवर चढून मोठी झालेली आणि माथ्यावर फुटणारी लाट. होड्यांच्या लांबीवरून २००९ साली दोन अभ्यासकांनी तिची उंची काढली, १० ते १२ मीटर.

होड्या 'ओशिओकुरी-बुने' जातीच्या. बोसो द्वीपकल्पावरून ताजी मासळी एदोच्या बाजारात झपाट्यानं पोचवायच्या कामाच्या, लांब आणि अरुंद. प्रत्येकीत आठ वल्हेकरी, पुढे आणखी दोघे. तिन्ही होड्या मिळून तीसेक माणसं. सगळ्यांनी वल्ह्यांवर अंग टाकलंय, एकही उभा नाही. घाबरून गोळा झालेत असं कुणी लिहिलं की मला पटत नाही. लाटेला आडवं न जाता नाळ (होडीचं पुढचं टोक) तिच्यात घालायची, ही दर्यावर्दी माणसाची रीत आहे. चित्रात नेमकं तेच चाललंय.

आणि हो, चित्र उजवीकडून डावीकडे बघा, जपानी नजर तशीच फिरते. मग होड्या आधी येतात आणि लाट समोरून अंगावर येते. आपण डावीकडून बघतो, म्हणून लाटेच्या बाजूनं पडतो. पाठीमागचा फुजी ३७७६ मीटरचा, पण तिथून ऐंशी किलोमीटरच्या आसपास, म्हणून एवढासा. त्याच्या अलीकडे त्याच्याच आकाराची एक छोटी लाट आहे, ती शोधा.

पटाशी
दौत यांनी 'सालींबरोबर उडून गेलं' एवढ्यावर आटोपलंय. सगळी गंमत तिथेच आहे, म्हणून जरा पसरून लिहितो.

रेखाटन पातळ कागदावर, बारीक कुंचल्यानं, फक्त रेषांचं. त्याला हानशिता म्हणतात. ठोकळा जंगली चेरीचा, खोडाच्या लांबीत चिरलेली फळी, रंधा मारून आरशासारखी केलेली. चेरी का, तर तंतू बारीक आणि एकसारखे, धार लागली तरी चिरफळत नाही, आणि रोज ओलं होऊन वाळलं तरी फारसं वाकत नाही. फळीवर तांदळाच्या खळीचा अगदी पातळ हात द्यायचा आणि रेखाटन तोंड खाली करून चिकटवायचं. खळ जाड झाली की कागद सुरकुततो आणि रेघ तिथेच सरकते. अर्धवट ओलं असताना बोटाच्या पेरानं मागचे तंतू चोळून काढायचे. रेषा दिसेल इतकी एकच साल उरली की थोडं तेल लावायचं. कागद पारदर्शक होतो, रेषा उलटी आणि स्वच्छ दिसते.

मग सुरी. रेघेच्या दोन्ही बाजूंनी काप घ्यायचा, पण सुरीचं पातं रेघेपासून बाहेर कललेलं हवं. तसं केलं की रेघ खाली रुंद आणि वर बारीक राहते, बांधासारखी. पातं आत कललं की रेघ मुळात पोखरली जाते. पहिल्या पन्नास छापांत काही कळत नाही, नंतर एक दिवस तुकडा उडतो. रेघांमधली मोठी जागा गोल पटाशी आणि मोगरीनं उपसायची, रेघेलगतची चपट्या छोट्या पटाशीनं. लाटेच्या फेसाचे पंजे आणि उडालेले थेंब बघा. ते थेंब कागदाचे पांढरे. म्हणजे भोवतालच्या रंगाच्या ठोकळ्यात तेवढी जागा खोल करून सोडलेली आहे. एक थेंब चुकून छाटला गेला तर पाचर ठोकून पुन्हा कोरावं लागतं.

रंग जुळवायची सोय ठोकळ्यातच असते. त्या खाचांना केंतो म्हणतात. चित्राबाहेर, छापणाऱ्याच्या बाजूच्या कडेला, उजव्या कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच कडेवर डावीकडे एक सरळ खाच. कागदाचा कोपरा काटकोनात बसवायचा, कड सरळ खाचेला टेकवायची, मग कागद सोडायचा. मुख्य ठोकळ्यावरून या खाचांसकट पातळ कागदावर जितके रंग तितक्या प्रती काढतात. चित्रकार एकेका प्रतीवर एकेका रंगाची जागा खूण करून देतो. त्या प्रती पुन्हा ठोकळ्यांवर उलट्या चिकटवून रंगांचे ठोकळे कोरले जातात. खाचही त्याच कागदावरून कोरली जाते, म्हणून सगळे रंग एकमेकांवर बसतात. फळीच्या दोन्ही बाजू वापरायची पद्धत, लाकूड महाग.

होकुसाई पोरवयात, चौदाव्या वर्षापासून चारेक वर्षं, ठोकळे कोरणाऱ्याच्या हाताखाली होता. सुरी कुठे अडते हे त्याला माहीत होतं. पुढे फुजीच्या शंभर दृश्यांच्या पुस्तकासाठी एगावा तोमेकिची हाच कोरक्या हवा म्हणून त्यानं प्रकाशकाकडे हट्ट धरला. लाटेवर मात्र ना कोरणाऱ्याचं नाव, ना छापणाऱ्याचं. ते फेसाचे पंजे ज्यानं सुरीनं सोडवले त्याची सही त्यावर असायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

नवशिका
जबरदस्त! दोन शंका. (१) रेखाटन नष्ट होतं तर होकुसाईची अशी रेखाटनं कुठेच नाहीत का? (२) घरी A४ आकारात दोन-तीन रंगांचा प्रयोग करायचा तर चेरी कुठून आणू?

दौत
(१) आहेत, छपाई रखडली म्हणून वाचलेली. 'सगळ्या गोष्टींचं मोठं चित्रपुस्तक' नावाच्या न छापलेल्या पुस्तकासाठी काढलेली १०३ रेखाटनं २०२०मध्ये ब्रिटिश म्युझियमनं घेतली. पुस्तक निघालं असतं तर तीही गेली असती.

पटाशी
(२) चेरीच्या मागे लागू नका. जपानमध्ये शिकणारे शिना प्लाय वापरतात. आपल्याकडे बर्च प्लाय बघा, वरचा थर गाठीविरहित हवा आणि थर चिकटवणारा डिंक पाण्यानं सुटणारा नको. केसासारखी रेघ प्लायवर टिकणार नाही, मिलिमीटरच्या खाली जाऊ नका.

कागद जास्त महत्त्वाचा. कागदी तुतीच्या लांब तंतूंचा हवा, कारण तो ओला असताना दहा वेळा रगडला जातो. साधा कार्ट्रिज पेपर तिसऱ्या रंगाला लोळायला लागतो. तुतीच्या कागदाला दोसा लावायचा, म्हणजे सरस आणि तुरटीचं पाणी. एक लिटर पाण्याला १५ ते २० ग्रॅम सरस, तुरटी त्याच्या निम्म्याहून कमी. सरस रात्रभर गार पाण्यात भिजवायचा, मग भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवायचा. उकळी येऊ द्यायची नाही, उकळला की चिकटपणा जातो. आच बंद केल्यावर तुरटी घालायची, गाळून रुंद कुंचल्यानं एका दिशेनं लावायचं, टांगून वाळवायचं. तुरटी कमी पडली तर रंग फुटून पसरतो. जास्त झाली तर कागद वर्षा-दोन वर्षांत कडकडीत होतो.

छपाईच्या आदल्या दिवशी कागद ओलवायचा. दर दोन-तीन कागदांमागे एकाला पाण्याचा हात द्यायचा, थप्पी करून प्लास्टिकमध्ये गुंडाळून वजनाखाली ठेवायची. सकाळी सगळे सारखे दमट लागले पाहिजेत. हाताला गार लागावा, पाण्याची चकाकी दिसू नये.

ठोकळ्यावर आधी पाण्याचा ब्रश, मग रंग, मग चण्याएवढी खळ, आणि ब्रशनं सगळं एकजीव. शेवटचे हात तंतूंच्या दिशेनं, हलके. कागद केंतोत बसवायचा, बारेननं रगडायचं. बारेन म्हणजे बांबूच्या सालीच्या दोरीची गुंडाळी, वर लाखेनं कडक केलेल्या कागदाची तबकडी आणि सगळ्याला बांबूचं वेष्टन. व्यास बारा-तेरा सेंमी. साधा घ्यायला हरकत नाही. घासायची बाजू मधूनमधून तेलाच्या फडक्यावर टेकवायची, नाहीतर कागद खरवडतो.

बिघडतं ते असं:
– रंगात पांढरे तीळ उठले : खळ कमी, कागद कोरडा किंवा दाब कमी. जपानी याला तिळाची छपाईच म्हणतात, काही जण मुद्दाम करतात.
– रेघेच्या कडेला काळपट मिशी फुटली : रंग जास्त, पाणी जास्त.
– छाप चकाकते, कागद उचलताना चिकटतो : खळ जास्त.
– पहिले दहा जुळले, नंतर रंग सरकत चालला : कागद वाळून आकसतोय. थप्पी उघडी ठेवलीत. ठोकळाही पाणी पिऊन फुगतो, म्हणून सुरुवातीला दोन-चार रद्दी कागदांवर काढा, मग खऱ्यावर.
– रिकाम्या जागेत रंगाचे डाग : उपसलेली जागा उथळ. मोठ्या मोकळ्या भागात जास्त खोल जा.

जाड भिंग
आता रंग. लाटेचं अर्धं यश निळ्याचं आहे. प्रशियन ब्लू बर्लिनमध्ये १७०६च्या सुमारास तयार झाला, म्हणून जपानीत त्याचं नाव 'बेरो-आई'. नागासाकीच्या बंदरातून डच आणि चिनी व्यापाऱ्यांकडून यायचा, फार महाग. १८२०च्या दशकाच्या शेवटी भाव उतरले आणि एदोच्या प्रकाशकांनी झडप घातली. निशिमुरायानं १८३१च्या जाहिरातीत ही मालिका 'निळ्या छपाईची' म्हणूनच विकली. फुजीचं भक्तिस्थान आणि नवा परदेशी रंग, हा जोड प्रकाशकाच्या डोक्यातला होता. होकुसाईला सगळं श्रेय देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

त्याआधी निळ्यासाठी होती नीळ आणि एका फुलाचा रस. फुलाचा रस दमट हवेतही उडतो. नीळ टिकते, पण मंद. प्रशियन ब्लूची पूड चिमूटभर पुरते, गडद हवा तर गडद, पाणी वाढवलं तर स्वच्छ आकाशी, आणि क्रमानं फिकट होत जाणारी छटा फार सुरेख येते. लाटेत दोन्ही आहेत, नीळही आणि प्रशियन ब्लूही, म्हणून त्या निळ्याला इतके थर दिसतात. घरी वापरणाऱ्यांना : पूड पाण्यावर तरंगते, आधी थेंबभर अल्कोहोलमध्ये घोटा.

याचा शत्रू चुना. अल्कधर्मी पदार्थ लागला की प्रशियन ब्लू तपकिरी पडतो. बाजारात 'ॲसिड-फ्री' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच माउंट बोर्डांत कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं. इतर चित्रांना ते चांगलं, या निळ्याला वाईट. फ्रेमवाल्याला 'अनबफर्ड', म्हणजे ते न घातलेलं, बोर्डच मागा.

दौत
फुजीचं भक्तिस्थान आणि नवा रंग हे मान्य. पण निळ्या छपाईची चित्रं बाजारात इतरांचीही होतीच. मासळीच्या होड्या, वादळ आणि पर्वत हे तिघं एका चौकटीत होकुसाई तीस वर्षं घोळवत होता. १८०३च्या सुमाराचं होनमोकूचं चित्र आणि १८०५च्या सुमाराचं ओशिओकुरी होड्यांचं चित्र काढून बघा. दोन्हीत लाट डोक्यावर आलीय, पण ती मातीच्या ढिगासारखी जड वाटते, फेस फुटत नाही. त्यानंतरची लाट ही.

जाड भिंग
काढून बघितली की फरक लगेच दिसतो, खरं आहे. प्रकाशकाबद्दलचं म्हणणं मात्र सोडत नाही :)

प्रत लवकरची की उशिराची हे कसं ओळखायचं ते लिहितो. ब्रिटिश म्युझियमच्या कॅप्युसिन कोरेनबर्ग यांनी शंभरावर प्रती एकमेकींशी ताडून बघितल्या. तत्त्व साधं : ठोकळा झिजतो, तुटलेली रेघ परत उगवत नाही. म्हणून तुटींचा क्रम लावला की प्रतींचा क्रम लागतो. पहिली जागा बघायची ती डावीकडे वर, शीर्षकाच्या चौकटीच्या रेघा. सलग असतील तर प्रत लवकरची, खंड पडले असतील तर नंतरची. मग होड्यांच्या आणि लाटांच्या बारीक रेषा, त्या झिजून जाड आणि बोथट होतात.

रंगावर भिस्त ठेवू नका. आकाशातल्या ढगाचा फिका गुलाबी बहुतेक प्रतींत उडून गेलाय, लवकरच्या प्रतींतसुद्धा. फुजीमागचा करडा अंधारही प्रत्येक घाण्यात वेगळा, कारण ती उतरती छटा ठोकळ्यात नसते, छापणारा दर वेळी हातानं ओल्या ब्रशनं चढवतो. एका दिवसाचा घाणा २०० प्रतींचा धरत. पहिल्या घाण्याला निगुती जास्त, मागणी वाढली की हात आखडतो. याच मालिकेतला 'लाल फुजी' घ्या : लवकरच्या प्रतींत तो लाल नाहीच, फिका गुलाबी-तपकिरी आहे. लोकांना माहीत असलेला भडक तांबडा नंतरचा.

नवशिका
आणि घ्यायची झाली तर? ऑनलाइन दोन-तीन हजारांत 'ओरिजिनल वुडब्लॉक' दिसतात.

जाड भिंग
त्या काळची लवकरची प्रत मार्च २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे २७.६ लाख डॉलरला गेली. एदोत तिची किंमत सोबाच्या (जपानी शेवयांच्या) एक-दोन वाट्यांइतकी होती. दोन-तीन हजारांत मिळतो तो पोस्टर. दहापट भिंग लावा : रंग बारीक ठिपक्यांच्या जाळीचा असेल तर ऑफसेट, विषय संपला.

हातानं छापलेलं पुनर्कोरीव काम वेगळं, आणि ते घेण्यासारखं असतं. कागद उलटून बघा. रंग मागे झिरपलेला दिसतो, बारेनचे गोल ओरखडे तिरक्या उजेडात दिसतात, रेघ बोटाला किंचित दबलेली लागते. चांगले प्रकाशक समासात कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव घालतात, निदान स्वतःचा शिक्का तरी. टोकियोची आदाची संस्था आजही ही लाट नव्या ठोकळ्यांवरून हातानं छापते. पिवळट कागद पाहून हुरळू नका, चहाच्या पाण्यात बुडवलेला असू शकतो. रंगाच्या खालीही डाग सारखाच पसरला असेल तर संशय घ्या.

खारा वारा
मुंबई-कोकणात भिंतीवर लावणाऱ्यांसाठी काही सूचना? पावसाळ्यात आमच्याकडे पुस्तकांनासुद्धा बुरशी येते.

जाड भिंग
बाहेरच्या भिंतीवर नको, ती ओल धरते. काच आणि चित्र यांत माउंटचं अंतर हवं, काचेला टेकलं की आतल्या आत घाम येऊन चिकटतं. मागे प्लाय ठोकू देऊ नका, त्यातून आम्ल सुटतं. सेलोटेप आणि फेविकॉल बंद. वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीनं, बास. खाली मोकळं, म्हणजे दमट झालं तरी फुगून सपाट होतं. संग्रहालयं ५० लक्स उजेडात काही महिने दाखवतात आणि मग दीर्घकाळ अंधारात ठेवतात. घरी एवढं नाही जमलं तरी खिडकीसमोर लावू नका. जून ते सप्टेंबर काढून, मध्ये चुना नसलेला टिश्यू घालून, सपाट फोल्डरमध्ये कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं तर उत्तम. फोल्डर प्लास्टिकचा नको.

नवशिका
शेवटचं. पटाशी, फुजीमागचा तो उतरता करडा मी करायला गेलो तर पट्टा उठतो, छटा येत नाही.

पटाशी
रंग दोन बाजूंनी चढवताय. ठोकळा आधी ओल्या फडक्यानं नीट पुसून घ्या, पाणी साचू नये पण ओल सगळीकडे हवी. रुंद ब्रशच्या एकाच कोपऱ्याला रंग लावा, दुसरा कोपरा फक्त ओला. थोडी खळ. मग ब्रश गडद कडेला समांतर डावीकडून उजवीकडे आणि परत, जागा न सोडता. रंग ब्रशमध्येच कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे पातळ होत जातो, तोच ठोकळ्यावर उतरतो. ब्रश गडदाकडून फिक्याकडे ओढलात की पट्टा उठणारच. दर पाच-सहा छापांनी ब्रश धुवा, नाहीतर ओला कोपराही करडा होतो आणि सगळं आभाळ एकाच रंगाचं निघतं. आणि ही छटा सगळ्यात शेवटी छापा, मधे केलीत तर पुढच्या ठोकळ्याच्या दाबानं मळते.